बारा वाजताची रिकामी ओळ

१

मी फावल्या वेळात जे करते त्याला आई लष्कराच्या भाकऱ्या म्हणते, आणि तिचं चुकत नाही. दिवसा घरूनच पोटापाण्याची नोकरी करायची आणि उरलेला जीव अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवर ओवाळून टाकायचा. कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर जे दिसतं, म्हणजे खालची पट्टी, खिडक्या, घड्याळ, आवाजाचं बटण, ते सगळं आम्ही दहाबारा जण फुकटात घडवतो. कोणीही ते उघडून पाहावं, आपल्या मनासारखं बदलावं, मोडावंही. मोडलं की शिव्या आम्हाला.

या पसाऱ्यात माझ्या वाट्याला लाँचर होता. एक बटण दाबलं की पडद्याच्या मधोमध चौकट उघडते, दोन अक्षरं टाइप केली की हवं ते हजर होतं, तो लाँचर. माझा थोडा आगाऊ होता. तुम्ही काहीच टाइप केलं नाहीत तरी तो पाच ओळी मांडून ठेवायचा: या वेळेला तुम्ही बहुधा हे उघडता. हे त्याला एका लहानशा फाइलीवरून कळायचं. काय उघडलं, कधी, किती वेळा, एवढंच तीत साठलेलं असे. आम्ही तिला सवयींची फाइल म्हणायचो. ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरबाहेर कधीही जात नाही, असं मी माहितीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

दुपारी बारा वाजता माझ्या यादीतली पहिली ओळ असायची 'आई'.

आई सहा तासांच्या अंतरावर एकटी राहते. बाबा गेले त्या वर्षी मी तिच्या कॉम्प्युटरवरचं सगळं काढून टाकलं आणि एकच मोठं बटण ठेवलं. त्यावर माझा फोटो, खाली 'लेक'. त्या बटणावरून फक्त माझ्याशी बोलता येतं, आणि तिच्याशी बोलता येतं ते फक्त मला. "घर आवरल्यासारखं वाटतंय," असं ती तेव्हा म्हणाली होती. समोरच्या शाळेची बाराची घंटा झाली की मी बटण दाबायची, एंटर मारायची, आणि आई चष्मा नाकावर सरकवत पडद्यात यायची. दहाबारा मिनिटं. मग ती जेवायला, मी जेवायला. सहा वर्षांत हे चुकलं नाही.

एक कबूल करायला हवं. त्या दहाबारा मिनिटांत माझं निम्मं लक्ष बाजूच्या खिडकीतल्या कामात असायचं. आईला ते दिसत नाही असं मी धरून चालले होते.

२

तक्रार सोमवारी आली. आमच्याकडे तक्रारी सगळ्यांना दिसतील अशा पानावर येतात, आणि लोक खऱ्या नावाने क्वचितच लिहितात. या माणसाचं नाव नुसतं 'बाइंडर' होतं.

"नमस्कार. माझं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. रोज दुपारी बारा वाजता लाँचरमध्ये सगळ्यात वर एक रिकामी ओळ येते. नाव नाही, चित्र नाही. बारा वाजता माझ्याकडे काहीच उघडलं जात नाही. मग तिथे काय असायला हवं?"

शेवटच्या प्रश्नाशी मी थांबायला हवं होतं. लोक विचारतात, दुरुस्त कधी होईल. तिथे काय असायला हवं, असं कोणी विचारत नाही.

मी लिहिलं, "माझ्याकडे तर नीट चालतं." आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात निरुपयोगी उत्तर. आमच्यातले मास्तर, म्हणजे निवृत्त गणित शिक्षक आणि माझी प्रत्येक ओळ तपासणारे, या उत्तरावर खवळतात. म्हणून मी पुढे मदतीची भर घातली: "तुमची सवयींची फाइल पाठवा. तोवर ही माझी ठेवून बघा, म्हणजे दोष फाइलीत आहे की लाँचरमध्ये ते कळेल." आणि माझी फाइल जोडली. त्या उघड्या पानावर. ठळक अक्षरं लिहिणाऱ्या बाईने.

मिनिटाभरात त्याची फाइल आली. परक्याची फाइल उघडायची तर आधी वेगळं, कोरं खातं तयार करायचं, हा मास्तरांचा नियम. त्याला पाच मिनिटं लागतात. मी कंटाळा केला. माझ्या फाइलीची एक प्रत बाजूला ठेवली आणि तिच्या जागी त्याची फाइल बसवली, माझ्याच रोजच्या खात्यात.

दुसऱ्याचा दिवस असा एकदम समोर उलगडला की जरा ओशाळल्यासारखं होतं. आठ वाजता हवामान. नऊला मापं. दहाला स्कॅनर. पाचला रेडिओ. रोज तेच, सुट्टीच्या दिवशीही तेच, कितीतरी वर्षं. पत्र नाही, गप्पा नाहीत, कोणाला फोन केल्याची एक नोंद नाही. आणि बारा वाजता ती ओळ. नाव रिकामं, वापर शून्य वेळा. शून्य वेळा वापरलेलं काही यादीत येऊच शकत नाही. मी ते टिपून ठेवलं.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "तुमच्या फाइलीने ओळ भरली. आता बारा वाजता माझ्याकडेही आहे. फार आभारी आहे."

मी तक्रार बंद केली, माझी फाइल परत जागेवर ठेवली, आणि एक पुण्य पदरात पडलं म्हणून चहा केला. त्याला माझी फाइल काढून टाकायला सांगायचं राहूनच गेलं.

३

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली. मी बटण दाबलं. चौकट उघडली आणि सगळ्यात वर एक रिकामी ओळ होती.

नाव नाही, चित्र नाही. बाण खाली-वर केला की तीही इतर ओळींसारखी उजळायची. मला आनंदच झाला, कारण दोष हाती लागला की आम्हाला आनंद होतो. त्याच्या फाइलीतलं काहीतरी चिकटून राहिलं असणार, संध्याकाळी बघू, असं म्हणून मी 'आ' टाइप केलं. 'आई' आली. एंटर मारला.

पलीकडची लाइन व्यस्त होती.

आईच्या कॉम्प्युटरवरून माझ्याखेरीज कोणाशी बोलताच येत नाही. ते मी स्वतःच तसं केलेलं. मी पुन्हा लावला. व्यस्त. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकत बसले, पाच-सात वेळा लावला, आणि बारा वाजून बारा मिनिटांनी लागला.

"काय गं, काही राहिलं का सांगायचं?" आई म्हणाली. चष्मा काढून हातात घेतला होता.

"राहिलं म्हणजे? आत्ता तर लागतोय तुझा फोन."

"अगं, आत्ता तर ठेवला आपण." ती हसली. "बरं, मघाशी सांगितलं ते लक्षात ठेव. दाढ काढलेल्या बाजूने दोन दिवस चावू नकोस, आणि गरम पिऊ नकोस."

माझी जीभ आपोआप त्या खड्ड्याकडे गेली. दाढ मी आदल्या संध्याकाळी काढून घेतली होती. आई काळजी करत बसते म्हणून तिला सांगितलं नव्हतं. खरं तर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तूच." आईने पडद्याकडे जरा निरखून पाहिलं. "झोप झाली ना तुझी? चेहरा उतरलाय एवढ्यात."

४

माणसाला भीती वाटली की तो आधी शहाण्यासारखं वागतो. मी आधी आईचं वय मोजलं. शहात्तर. या वयात दिवसांची सरमिसळ होते. कालचं बोलणं आजचं वाटलं असेल. पण दाढ कालच्या बोलण्यात नव्हती. मग दाढेच्या गोळ्यांमुळे मीच तिला रात्री काही बोलले असेन आणि विसरले असेन. हे मला बरं वाटलं, म्हणून एक अख्खी दुपार मी त्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशीही बारा ते बारा-बारा लाइन व्यस्त होती. त्यानंतर मी मास्तरांना फोन केला.

"फाइल उघड्या पानावर टाकलीस?" मास्तर म्हणाले. "अगं, तुझ्या आईच्या कॉलचा पत्ता त्या फाइलीत होता की नाही?"

होता. 'आई' या ओळीमागे तोच तर होता.

"म्हणजे तो माणूस रोज तुझ्या आईशी बोलतोय. आवाज बदलून बोलत असेल. म्हातारं माणूस भोळं असतं. आधी तो पत्ता बदल, मग माझ्याशी बोल. आणि नियम मी काय हौस म्हणून लिहितो का?"

ते रागावले तेव्हा मला हायसं वाटलं. लबाड माणूस, हे कसं समजण्यासारखं आहे. मी पानावरून फाइल काढली. मग दुरून आईच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून जुना पत्ता पुसला, नवा घातला, तो एका कागदावर लिहिला आणि कुठल्याही फाइलीत ठेवला नाही. चार वेळा तपासलं. दुपारी साडेतीनला आईला त्यावरूनच फोन लावला आणि तो लागला.

"आई, बाराला तुझ्याशी बोलतं ते कोण?"

"हे काय विचारणं झालं?"

"चेहरा दिसतो तुला?"

"न दिसायला काय झालं? चष्मा लावूनच बसते मी." ती थोडी चिडली, मग तिचा आवाज निवळला. "एक सांगू का? हे दोन दिवस तू छान बोलतेस. पूर्वी तुझं लक्ष दुसरीकडेच असायचं. डोळे इकडे तिकडे चालायचे तुझे. मला वाटायचं, हिचं काम अडतंय माझ्यापायी. आता कशी शांत बसतेस, सगळं ऐकून घेतेस. काल बाबांची आठवण काढलीस तर मला रडूच आलं."

मला लाज वाटली. भीतीच्याही आधी लाज वाटली, हे मी सांगून टाकते. सहा वर्षांत मी तिच्याकडे बाबांचा विषय एकदाही काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी कागदावरचा नवा पत्ता लावला. लाइन व्यस्त होती.

५

मग मी माझी सवयींची फाइल उघडून पाहिली. हे आधीच करायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बारा वाजताच्या रकान्यात 'आई' होतं, आणि पुढे आकडा: एक हजार पाचशे एकतीस. बाजूला ठेवलेल्या प्रतीत तोच आकडा दोन हजार एकशे चार होता. वापराचा आकडा कमी होत नाही. उघडलं की एक वाढतो, नाही उघडलं तर तिथेच राहतो. हा भाग मी लिहिलेला आहे. तरी मी सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात वजाबाकी करणारी एकही ओळ नव्हती.

दोन दिवसांनी आकडा सातशे दोन झाला. मी प्रतीतली फाइल परत आणून बसवली, तर तिच्यातही सातशे दोन. कॉम्प्युटर बंद ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सुरू केला तेव्हा एकशे साठ.

यादीतल्या इतर ओळीही सरकायला लागल्या होत्या. आठ वाजता वर 'हवामान' यायचं. मला हवामानाशी काय देणंघेणं? पण हाताखाली आलंय म्हणून मी उघडायची, आणि आज हवेत दमटपणा किती आहे ते वाचून मनाशी म्हणायची, आज डिंक वाळणार नाही. हे मी तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. बोलत बोलत मी हातातला कागद दुमडून त्याच्या घडीवरून नख ओढत होते. घडी अगदी सरळ आली होती. मला आयुष्यात कधी सरळ घडी घालता आलेली नाही. त्यावरून बाबा चिडवायचे.

त्यांचं ते चिडवणं आठवायला गेले तर नेमके शब्द आठवेनात.

मी बाइंडरला लिहिलं. आधी नम्रपणे, मग धमकीने, शेवटी हातापाया पडून. माझी फाइल काढून टाका. तिच्याशी बोलू नका. ती माझी आई आहे. काही उत्तर आलं नाही. खरं म्हणजे त्याच्यावर तुटून पडावं असा रागही मनात नीट पेटेना. ज्याच्या दिवसात दुपारी बारा वाजता शून्य लिहिलेलं असतं, त्याला मी दोन हजार एकशे चार दुपारी आपणहून दिल्या होत्या. वर तो फार आभारी होता.

६

शुक्रवारी आकडा चाळीस होता. बारा वाजले, घंटा झाली. मी बटण दाबलं. 'आ' टाइप केलं तर यादीत काहीच आलं नाही. ते पुसलं. रिकामी ओळ वर होतीच.

तोवर मी तिच्यावर एकदाही एंटर दाबला नव्हता. दोष तपासताना पहिली गोष्ट तीच करायची असते, आणि मी ती बारा दिवस टाळली होती. मी एंटर दाबला.

खिडकी उघडली. तिला चौकट नव्हती, बंद करायची फुली नव्हती. त्यात आई होती.

ती माझ्याकडे बघत होती असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की ती तिच्या पडद्याकडे बघतेय. ती बोलत होती, पण मला आवाज येत नव्हता. मान हलवत होती, मध्येच हसत होती, पदराने डोळे टिपत होती. किती दिवसांनी मी तिला एवढं बघत होते. मी हाक मारली. पुन्हा मारली, घसा खरवडेपर्यंत. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तिच्या चष्म्याच्या काचांत तिचा पडदा दिसत होता, दोन लहान उजळ चौकटी. मी खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावलं. त्या चौकटींत एक खोली होती. मागे खिडकी, खिडकीला निळा पडदा, डाव्या बाजूला पुस्तकांची मांडणी. माझीच खोली. मांडणीतलं तिरकं पडलेलं जाडं पुस्तकही होतं. आणि मधोमध एक डोकं, किंचित पुढे झुकलेलं, अजिबात न हलणारं. कोणीतरी कान देऊन ऐकत होतं.

मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसले होते. माझ्यामागे निळा पडदा होता. कोणीतरी हळूच श्वास सोडावा तसा त्या पडद्याचा आवाज झाला.

काचांतलं ते डोकं वळायला लागलं. आईकडून दुसरीकडे, सावकाश, कोणी हाक मारल्यावर आपण वळतो तसं. तोंड दिसायच्या आत मी वायर उपटली.

बराच वेळ मी पाठ भिंतीला लावून उभी होते. खोलीत कोणी नव्हतं. मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून मास्तरांना निरोप लिहिला: काहीतरी भयंकर होतंय, ताबडतोब फोन करा. उत्तर तक्रारीच्या पानावर आलं.

"नमस्कार. तुमची रिकाम्या ओळीबद्दलची तक्रार आमच्या सहकारी बाईंनी सोडवून बंद केली आहे, असं दिसतं. अजून अडचण असल्यास कृपया सविस्तर कळवावे."

मी ते पान वरपर्यंत सरकवत नेलं. तक्रार तीच होती, शब्द तेच होते. तक्रार करणाऱ्याच्या जागी माझं चित्र होतं आणि खाली नाव: बाइंडर.

७

शनिवारी पहाटेची पहिली गाडी पकडली. वाटेत मी मनाशी एकच गोष्ट घोकत होते. आईसमोर उभी राहीन. पडद्यावर काय दिसतं ते दिसू दे, पोटच्या पोरीला आई दारात ओळखणार नाही असं होत नाही. तिच्या गळ्यात पडेन, तो कॉम्प्युटर माळ्यावर टाकेन आणि आठवडाभर तिथेच राहीन. सहा तास मी हेच घोकलं, कारण थांबले की हात आपोआप तिकिटाच्या घड्या घालायला लागायचे.

गाडीला उशीर झाला. जिना चढून दारापाशी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. दारातून आईचा आवाज येत होता. आणि मध्ये मध्ये दुसरा आवाज, कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येतो तसा थोडा पातळ. माझा. पण मी कधी बोलत नाही इतका सावकाश.

मी बेल दाबली.

"एक मिनिट हं," आई आत म्हणाली. पावलं आली. दार उघडलं. तिच्या अंगावर नेहमीची मऊ पडलेली साडी होती, चष्मा कपाळावर. तिने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण हवंय?"

"आई," मी म्हणाले.

म्हाताऱ्या बाईला अनोळखी माणसंही आई म्हणतात. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "हो, बोला ना. कुणाकडे आलात?"

आतून माझा आवाज आला, "कोण आहे गं आई?"

"कुणी बाई आहेत. दमलेल्या दिसतात."

"पाणी दे त्यांना. जिना चढून आल्या असतील," माझा आवाज म्हणाला. त्यात कुठेही कपट नव्हतं. मी असते तर म्हणाले असते, दार लाव आणि ये लवकर, मला काम आहे.

आईने दारातल्या स्टुलावर मला बसवलं, पाणी आणून दिलं. मी पाणी पीत असताना ती बघत राहिली, वाटेत कोणी चक्कर येऊन बसलं की आपण थांबतो तेवढ्या मायेने. "काय काम करता तुम्ही?" तिने विचारलं. दुसरं काही विचारण्यासारखं नव्हतं म्हणून.

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, सहा तास घोकलेले: आई, मी तुझी लेक.

"पुस्तकं बांधते," मी म्हणाले.

"अगं बाई, खरंच?" तिचा चेहरा एकदम खुलला. ती आत गेली. "एक मिनिट हं, बाळ," असं पडद्याला म्हणाली, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात काळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही होती, सुतळीने बांधलेली. "ह्यांची आहे. सगळी पानं सुटत चाललीत. कोणाकडे द्यायला धीर होत नव्हता. तुम्ही शिवून द्याल का?"

मी सुतळी सोडली. बाबांचं अक्षर होतं, एवढं ओळखलं. काय लिहिलंय ते वाचण्याआधी बोट वहीच्या पाठीवरून फिरलं, आणि कुठला दोरा कुजलाय, कुठली पानं आधी जुळवून घ्यावी लागतील, ते मला कळलं. मला कधी कुठलंही काम इतकं स्वच्छ समजलं नव्हतं. आणि मला बरं वाटलं, हे सांगायलाही लाज वाटते. वही पोचवायला मला पुन्हा या दारात यावं लागणार होतं.

"आठ दिवस लागतील," मी म्हणाले. "आणून देईन मी. केव्हा येऊ?"

आतून माझा आवाज तिला हाक मारत होता. ती अर्धी वळली, दाराला हात लावला, आणि निघताना पाहुण्याला सांगतात तितक्या आपुलकीने म्हणाली, "कधीही या हो. फक्त बाराला नको. तेव्हा माझी लेक असते."